पिकअपचा ईसीएम बदलण्याआधी आणि बदलल्यावर: नेहमी येणारे प्रश्न

ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा बॉक्स. तो बदलण्याबद्दल कॉमन रेल डिझेल पिकअप चालवणारे मालक, ड्रायव्हर आणि तालुक्याच्या गावातले वायरमन यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांनाही बरंचसं लागू पडतं. इंजेक्टर कोड आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) यांचा भाग तेवढा सोडून द्या. बदलण्याआधीचे प्रश्न मुद्दाम लांब ठेवले आहेत. बॉक्स काढून दुसरा लावायला अर्धा तास पुरतो, तो बदलायला हवा का हे ठरवायला मात्र कधी कधी अख्खा दिवस जातो.

१. ईसीएम, ईसीयू, गाडीचा कॉम्प्युटर हे सगळं एकच का? आमच्या जुन्या पिकअपला असलं काही नव्हतं.

एकच. जुन्या गाडीत मेकॅनिकल पंप होता. डिझेल किती आणि केव्हा सोडायचं ते पंपच ठरवायचा, अॅक्सिलरेटरची केबल थेट त्याला जोडलेली असायची. कॉमन रेलमध्ये पंपाचं काम फक्त दाब तयार करणं, आणि तो दाब हजार बारच्या वर जातो. कोणता इंजेक्टर कोणत्या क्षणी उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीएम ठरवतो. त्यासाठी तो क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, रेल प्रेशर, पेडल, कूलंटचं तापमान, टर्बोचा दाब हे सगळं सतत वाचत असतो. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), हीटर प्लगचा रिले आणि चावी ओळखणं हीसुद्धा त्याचीच कामं. १ एप्रिल २०२० ला बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर नव्या डिझेल पिकअपमध्ये मेकॅनिकल पंपाला जागाच राहिली नाही.

२. ईसीएम गेला हे कसं ओळखायचं?

केवळ लक्षणांवरून ओळखता येत नाही, कारण प्रत्येक लक्षणाला दुसरं स्वस्त कारणही असतं. इग्निशन ऑन केल्यावर चेक लाइट लागतच नाही, सेल्फ फिरतो पण इंजेक्टर उघडत नाहीत, एकच सिलिंडर कायम बंद राहतो, मेन रिले टिकटिक करत राहतो, अशा वेळी संशय घ्यायला जागा आहे. गाडीची ओढ कमी होणं, काळा धूर, मायलेज घसरणं यासाठी ईसीएमकडे सर्वात शेवटी वळायचं. त्याआधी डिझेल फिल्टर, टर्बोचे होज, ईजीआर आणि इंजेक्टर तपासा.

घाटात मध्येच गाडी अर्ध्या ताकदीने चालायला लागली आणि वर रेस घेईना, तर बहुतेक वेळा ईसीएम शाबूत असतो आणि त्याचं काम करत असतो. एखाद्या सेन्सरचं रीडिंग पटलं नाही की इंजिन वाचवायला तो मुद्दाम ताकद कमी करतो. नारायणगावचा टोमॅटो घेऊन माळशेजमध्ये अडकलेल्या माणसाला हे ऐकवणं अवघड आहे, पण आधी स्कॅनर लावून ईसीएमने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचून घ्या.

३. मेकॅनिक म्हणतो, "स्कॅनरला ईसीएम कनेक्ट होत नाही, म्हणजे गेला." बरोबर आहे का?

एवढ्यावरून नाही. याच वाक्यावर चांगले ईसीएम काढून टाकले जातात. क्रमाने पाहा.

स्कॅनरचा दिवाच लागत नसेल, तर ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतो त्या) १६ नंबर पिनला बॅटरीचा प्लस आणि ४ नंबरला बॉडी अर्थ येतोय का ते बघा. पुष्कळ गाड्यांत या पिनचा फ्यूज चार्जर सॉकेटशी सामाईक असतो, आणि मोबाइल चार्जरने तो उडालेला असतो.

स्कॅनर डॅशबोर्डच्या मीटरशी किंवा ब्रेकच्या एबीएसशी बोलतोय, फक्त ईसीएमशी नाही, असं असेल तर ईसीएमला सप्लाय आणि अर्थ पोहोचतो का ते तपासायचं. कपलर काढा आणि गाडीकडच्या बाजूला २१ वॅटचा साधा इंडिकेटर बल्ब लावून प्रत्येक सप्लाय आणि प्रत्येक अर्थ पेटवून बघा. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, बल्ब मात्र पेटत नाही. मेन रिलेमागून येणारा सप्लाय कपलर काढल्यावर बंदच दिसेल, कारण तो रिले ईसीएम स्वतः ओढतो. तिथे रिलेच्या जागी जंपर (जोडवायर) घालून तपासा.

सप्लाय ठीक असेल तर कॅन लाइन, म्हणजे सगळी युनिट एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी. बॅटरी काढून ओबीडीच्या ६ आणि १४ नंबर पिनमध्ये ओहम मोजा. साधारण ६० यायला हवेत, कारण लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. १२० आले तर एका बाजूची वायर तुटली आहे किंवा एक युनिट सुटलं आहे. शून्याच्या जवळ आले तर शॉर्ट आहे. काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि लाइनच्या मध्ये गेटवे नावाचं युनिट असतं आणि हे माप तिथे जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे वायरिंगचा नकाशा हवाच.

४. स्कॅनरवर पी०६०६ कोड आला आहे. यात तर सरळ "प्रोसेसर" लिहिलंय. आता तरी बदलायचा ना?

पी०६०१ ते पी०६०७ हे कोड ईसीएमच्या पोटातल्या बिघाडाचे आहेत: मेमरी, प्रोग्रामिंग, प्रोसेसर. तरी लगेच नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेलं तर यातले काही कोड उगाच नोंदले जातात. चांगली बॅटरी लावा (पूर्ण चार्ज १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये), कोड पुसा आणि गाडी दोन दिवस चालवा. परत आला तर तो खरा. पी०६०२ मात्र बऱ्याचदा अर्धवट राहिलेल्या कोडिंगचा (ईसीएममध्ये गाडीची माहिती भरण्याचा) असतो. त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

५. एकदम चार-पाच सेन्सरचे कोड आले. सगळे सेन्सर एकाच दिवशी कसे जातील? मग ईसीएमच ना?

पहिला भाग बरोबर, निष्कर्ष घाईचा. रेल प्रेशर, पेडल, टर्बो प्रेशर अशा सेन्सरना ईसीएम ५ व्होल्ट पुरवतो, आणि एका लाइनवर बरेच सेन्सर असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली बसतात. मीटर त्या लाइनवर ठेवा आणि सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो किंवा त्याची वायर दोषी. सगळे काढूनही आले नाहीत, वायरिंगमध्येही शॉर्ट नाही, तेव्हा कुठे ईसीएमवर बोट ठेवता येतं.

६. पण मग ईसीएम जातो तरी कशाने?

आपल्याकडे बहुतेक वेळा माणसाच्या हाताने.

पहिलं कारण वेल्डिंग. हौद्याला जाळी, अँगल, मागचा फाळका, कॅरियर, काही ना काही चालूच असतं. फॅब्रिकेशनवाला अर्थची चिमटी चेसिसला कुठेतरी लावतो आणि काम सुरू करतो. वेल्डिंगचा करंट परत जायला वाट शोधतो, आणि ती वाट ईसीएमच्या अर्थमधून गेली की खेळ संपला.

दुसरं, २४ व्होल्टच्या ट्रकवरून जंप देणं. ट्रकला दोन बॅटऱ्या असतात. त्यातल्या एकीवरूनच करंट घ्यायचा, म्हणजे १२ व्होल्ट मिळतात. घाईत दोन्हींची टोकं जोडली जातात.

तिसरं, डायनामो तपासायला चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल उपटणं. मेकॅनिकल पंपाच्या काळात ही पद्धत खपून गेली. आज त्या क्षणी डायनामोचं व्होल्टेज उसळी मारतं. डायनामो तपासायला मीटर पुरेसा आहे: गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान.

मग पाणी. प्रेशर पंपाने इंजिन धुणं, तळकोकणातला पाऊस, खाऱ्या पाण्याची मासळी वाहतूक. पाणी बॉक्सच्या झाकणातून क्वचित शिरतं. कपलरमधून आणि वायरीच्या आतून ओघळत येतं. पिनांवर हिरवी बुरशी दिसली तर तेच. उंदीर थेट बॉक्सला काही करत नाहीत, पण त्यांनी सोललेल्या दोन वायरी एकमेकींना टेकल्या की परिणाम तोच होतो.

शेवटचं, शॉर्ट झालेला इंजेक्टर. ईसीएम इंजेक्टर उघडताना साठ-सत्तर व्होल्ट किंवा त्याहून जास्तीचा झटका देतो. कॉइल किंवा वायर बॉडीला टेकली तर ईसीएममधला ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टरला करंट देणारा भाग, जळतो. याच कारणाने इंजेक्टरच्या वायरला बल्बची टेस्टर लावू नये आणि चालू इंजिनवर हातही लावू नये.

७. मग हौद्याला वेल्डिंग करायचंच नाही का?

करा, पण दोन्ही टर्मिनल काढून आणि ईसीएमचे कपलर सोडवून. अर्थची चिमटी वेल्डिंगच्या जागेपासून वीतभर अंतरावर, घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर. शक्य असेल तर हौद्याचा भाग उतरवून खालीच वेल्डिंग करून घ्या.

८. जुना ईसीएम दुरुस्त होतो का? पुण्या-मुंबईत करून देतात म्हणे.

होतो, बिघाडावर अवलंबून. इंजेक्टरचा ड्रायव्हर, सप्लायचा भाग, कपॅसिटर, सुटलेला सोल्डर एवढं हुशार कारागीर बदलू शकतो, आणि अशा दुरुस्तीचा मोठा फायदा म्हणजे आतला डेटा तसाच राहतो: चावी, इंजेक्टर कोड, सगळं. प्रश्न १० आणि ११ ची डोकेदुखी वाचते. पाणी आत महिनाभर साचलेलं असेल, बोर्डाचे थर कुजले असतील किंवा सिरॅमिक बोर्डाचा ईसीएम असेल तर आशा ठेवू नका. दुरुस्तीला पाठवताना "गाडी बंद आहे" एवढीच चिठ्ठी लावू नका. कोड, प्रश्न ३ मधली मापं आणि गाडीला आधी काय झालं होतं ते लिहून द्या. आणि बेंचवर, म्हणजे गाडीबाहेर टेबलावर, चालवून दाखवायला सांगा.

९. नवा घ्यावा की कुर्ल्यातून जुना आणावा? नंबर तोच मिळतोय.

कोणता नंबर, हे आधी बघा. स्टिकरवर गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर असतो आणि ईसीएम बनवणाऱ्याचा हार्डवेअर नंबर वेगळा असतो. बॉशच्या डिझेल ईसीएमवर तो ०२८१ ने सुरू होणारा दहा आकडी असतो. हार्डवेअर सारखं असूनही सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं: दुसरा गिअरबॉक्स, दुसरं पेलोड, एसी आहे-नाही, बीएस ४ की बीएस ६.

जुना ईसीएम पहिल्या गाडीच्या चावीला बांधलेला असतो. तो नुसता लावून गाडी चालू होणार नाही. तो वापरायचा एकच सरळ मार्ग म्हणजे क्लोन: तुमच्या मूळ ईसीएमची संपूर्ण मेमरी वाचून त्यात उतरवणं. त्यासाठी हार्डवेअर तंतोतंत तेच हवं आणि तुमच्या मूळ ईसीएमची मेमरी वाचता यायला हवी. म्हणून जळका ईसीएम भंगारात देऊ नका. बॉक्स मेला तरी मेमरी बऱ्याचदा जिवंत असते.

माझं मत: गाडी वॉरंटीत असेल किंवा बीएस ६ असेल तर नवाच, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून. जुन्या बीएस ४ गाडीला क्लोन केलेला जुना चालतो, पण पक्कं बिल आणि तो कोणत्या गाडीतून काढला याची लेखी नोंद घेऊनच.

१०. नवा ईसीएम लावला. सेल्फ फिरतो पण गाडी लागत नाही, किंवा लागून दोन सेकंदांत बंद. नवाही खराब निघाला का?

बहुधा नाही, चावीची ओळख झालेली नाही. चावीच्या डोक्यात एक चिप असते. ती, इम्मोबिलायझर (चावी ओळखणारं युनिट) आणि ईसीएम या तिघांचं गुपित जुळलं तरच ईसीएम डिझेल सोडतो. मीटरवर चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल तर खात्रीच समजा. नव्या, कोऱ्या ईसीएमला ही ओळख एकदा करून द्यावी लागते. त्यासाठी कंपनीचा स्कॅनर, बहुतेक कंपन्यांत ऑनलाइन परवानगी, गाडीच्या सगळ्या चाव्या आणि आरसी लागते. एक चावी घरी विसरलात तर ती नंतर चालणार नाही. सगळ्या एकदमच घेऊन जा. चुकीचा कोड वारंवार टाकत बसू नका, काही सिस्टम ठरावीक प्रयत्नांनंतर तासाभरासाठी किंवा कायमच्या लॉक होतात.

११. गाडी चालू झाली, पण खडखडते, आयडलला हलते, धूरही वाढला. आधी असं नव्हतं.

इंजेक्टरचे कोड टाकायचे राहिले आहेत. कोणतेही दोन इंजेक्टर हुबेहूब एकसारखं डिझेल सोडत नाहीत. कारखान्यात प्रत्येकाचं माप घेऊन त्याचा कोड त्याच्या डोक्यावर छापलेला असतो. बॉशचा सहसा सात अक्षरी, डेल्फीचा सोळा अक्षरी. हा कोड ईसीएमला सिलिंडरनुसार द्यायचा असतो. कोऱ्या ईसीएमकडे तो नसतो आणि जुन्या बाजारातल्या ईसीएमकडे दुसऱ्याच गाडीचा असतो.

कोड वाचताना कोणता सिलिंडर पहिला ते कंपनीच्या पुस्तकातून बघा, सगळ्या इंजिनांत मोजणी एकाच बाजूने नसते. शून्य आणि ओ, आठ आणि बी यांचा घोळ टाळायला फोटो काढून मोठा करून वाचा. इंजेक्टर आधी कधी बदललेले असतील तर जुन्या ईसीएममधून वाचलेल्या कोडवर विश्वास ठेवू नका, डोक्यावरचाच घ्या.

१२. स्वतः किंवा गावच्या वायरमनकडून बसवता येईल का?

बॉक्स बसवणं येईल. कोडिंगसाठी योग्य स्कॅनर नसेल तर तेवढ्यापुरता माणूस बोलवावा लागेल किंवा गाडी ओढून न्यावी लागेल.

जुना ईसीएम अजून बोलत असेल तर काढण्याआधी त्यातून चेसिस नंबर, सॉफ्टवेअर नंबर, इंजेक्टर कोड आणि डीपीएफची मापं वाचून फोटो काढून ठेवा. ही दहा मिनिटं पुढचे दोन दिवस वाचवतात. मग चावी काढा आणि पाच मिनिटं थांबा. चावी काढल्यावरही ईसीएम काही वेळ जागा असतो, नोंदी साठवत असतो. निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. कपलरचा लीव्हर पूर्ण उघडल्याशिवाय ओढू नका, स्क्रू ड्रायव्हर घालून तर नाहीच. पिन वाकलेली आहे का ते टॉर्चने बघा. नवा बॉक्स हातात घेण्याआधी बॉडीला स्पर्श करा, पिनांना बोट लावू नका. ब्रॅकेटचे बोल्ट सगळे लावा. काही गाड्यांत त्या ब्रॅकेटवाटेच बॉक्सला अर्थ मिळतो. निगेटिव्ह शेवटी.

कोडिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर ईसीएम अर्ध्यात अडकतो. चांगला स्थिर चार्जर जोडा, हेडलाइट, एसी, म्युझिक बंद ठेवा, आणि लॅपटॉपची बॅटरीही बघा. शेजारी दुसरी गाडी चालू ठेवून जंप केबलवर कोडिंग करणं हा उपाय नव्हे.

१३. माझी गाडी बीएस ६ आहे. आणखी काय वेगळं?

दोन गोष्टी. डीपीएफमध्ये किती काजळी आणि किती राख साठली आहे याचा हिशेब ईसीएम ठेवतो. नव्या ईसीएमला जुन्या फिल्टरचा हिशेब दिला नाही तर तो फिल्टर रिकामा समजतो, वेळेवर काजळीची जाळणी करत नाही, आणि फिल्टर चोंदतो. जुने आकडे टाका; ते मिळाले नाहीत तर सर्व्हिस सेंटरमधून राखेचा अंदाज भरून घ्या. दुसरं, डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची) टाकी असलेल्या गाडीत चावी काढल्यावर पंप नळीतलं द्रव मागे ओढून घेतो. तेव्हा बॅटरी तोडली तर ते नळीतच सुकून खडे होतात. प्रश्न १२ मधली पाच मिनिटं म्हणून पाळायचीच.

१४. ईसीएम उघडलाच आहे तर ८० ची स्पीड लिमिट, ईजीआर, डीपीएफ बंद करून घेऊ का? वायरमन थोड्या पैशांत करून देतो.

नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल बेकायदा आहे, आणि कलम १८२ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी जाते ती वेगळीच. भरल्या पिकअपचे ब्रेक आणि टायर तेच राहतात, हे वायरमन सांगत नाही.

१५. आरसीवर नोंद करावी लागते का? किलोमीटर बदलतील का?

नोंद लागत नाही. आरसीवर चेसिस आणि इंजिन नंबर असतो, ईसीएमचा नाही. ईसीएममध्ये मात्र तुमचाच सतरा अक्षरी चेसिस नंबर लिहिलेला असला पाहिजे. किलोमीटर बहुतेक गाड्यांत मीटरमध्ये साठवलेले असतात, त्यामुळे तसेच राहतात.

१६. विमा मिळतो का?

ईसीएम आपोआप गेला तर साध्या सर्वंकष पॉलिसीत नाही. इलेक्ट्रिकल बिघाड त्यातून वगळलेला असतो. अपघात, आग किंवा पूर यामुळे गेला तर मिळतो, घसारा वजा होऊन: उदाहरणार्थ चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत काहीच नाही.

पुराचं पाणी शिरलेल्या गाडीला चावी लावू नका. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा आणि जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर, दोन्ही वेळी "बघू चालू होते का" हा मोह पुष्कळांना महागात पडला. ओल्या ईसीएमला करंट मिळाला की पिना काही तासांत कुजतात, आणि इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विमा कंपनी ते तुमच्या चुकीचं नुकसान ठरवू शकते. बॅटरी तोडा, फोटो काढा, सर्व्हेअर येईपर्यंत थांबा, गाडी ओढून न्या.

१७. मित्राच्या तशाच पिकअपचा ईसीएम लावून बघितलं तर पाच मिनिटांत कळेल ना?

ईसीएम, इम्मोबिलायझर आणि चावी असं तिन्ही त्याच्याच गाडीचं आणून लावलं तर काही साध्या मॉडेलमध्ये कळतं. पण तुमचा ईसीएम बाहेरच्या शॉर्टने जळला असेल तर मित्राचाही जळेल. प्रश्न १८ मधली तपासणी आधी करा, मगच मैत्री पणाला लावा.

१८. नवा ईसीएम महिन्याभरात परत गेला. कंपनीचा माल खराब आला का?

पहिल्याला ज्याने मारलं तेच अजून गाडीत बसलं आहे, असं धरून चला. नवा लावण्याआधी इंजेक्टरची प्रत्येक वायर बॉडीशी तपासा, कंटिन्युटी अजिबात यायला नको. कॉइलचा रेझिस्टन्स बऱ्याच इंजेक्टरमध्ये अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा कमी असतो आणि साध्या मीटरवर शॉर्टसारखाच दिसतो, म्हणून चारही एकमेकांशी ताडून बघा. इंजिन ते बॅटरी आणि बॅटरी ते बॉडी या अर्थच्या पट्ट्यांवर सेल्फ मारताना व्होल्टेज मोजा, ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी बदला. नंतर लावलेला एलईडी बार, अॅम्प्लिफायर, जीपीएस ट्रॅकर यांचा अर्थ ईसीएमच्या अर्थ बोल्टवर घेतलाय का तेही बघा. तो तिथून काढा.

१९. थंड गाडी मस्त चालते. तासाभराने बंद पडते, अर्ध्या तासाने परत चालू. दोन मेकॅनिकांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

दोघंही बरोबर असू शकतात, कारण हेच लक्षण क्रँक सेन्सरचंही आहे आणि आत सोल्डर सुटलेल्या ईसीएमचंही. बंद पडल्यावर लगेच सेल्फ मारा आणि स्कॅनरवर आरपीएम बघा. शून्य दाखवत असेल तर आधी क्रँक सेन्सर आणि त्याची वायर, ते स्वस्तही आहे. आरपीएम येतंय, रेल प्रेशर तयार होतंय, तरी इंजेक्टर उघडत नाहीत, तर ईसीएमचा संशय पक्का होतो. खात्रीसाठी गाडी थंड असताना आयडलला ठेवा आणि केस वाळवायच्या ड्रायरने फक्त बॉक्स गरम करा, हाताला सोसेल एवढाच. इंजिन बंद पडलं तर बॉक्स दुरुस्तीला पाठवा, आणि चिठ्ठीवर "गरम झाल्यावरच बंद" हे शब्द मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर बेंचवर थंड तपासून "ओके" म्हणून परत येईल.